हातोडा कुणी उचलायचा

ठिणगी गप्प राहिली असती तर तिच्या पदरात काय काय पडलं असतं, याची मोजदाद करायला फार डोकं लागत नव्हतं. पुढच्या घंटेचा साचा तिच्या हाती आला असता. आजोबांनी तिला चारचौघांत "माझी नात" म्हटलं असतं, जे ते एरवी चष्मा सापडत नसला तरच म्हणत. तिच्या बापाची, म्हणजे धाकट्याची, मान या घरात पहिल्यांदाच ताठ झाली असती. आणि एवढ्यासाठी तिला करायचं काय होतं? काहीच नाही. ओतशाळेच्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि चुलतभावाला पुढे होऊन हातोडा उचलू द्यायचा. इतक्या स्वस्तात इतका माल सहसा कुणी सोडत नाही.

ओतशाळेचे दोन्ही दरवाजे सकाळपासून सताड उघडे होते. मधोमध जाड साखळीवर ती घंटा लटकत होती. दिसायला राणी. ओठावर, म्हणजे खालच्या कडेवर, ठिणगीने कोरलेली वेलबुट्टी अशी उठली होती की पानावर बोट फिरवावंसं वाटावं. पण त्याच पानांमधून केसाएवढी एक भेग वर चढली होती, आणि टोला दिला की राणी फुटक्या मडक्यासारखी बोलत होती. चर्चची माणसं नवी घंटा कधी नेऊ म्हणून विचारत होती.

अशा वेळची या घराण्याची रीत सगळ्यांना पाठ होती. घंटा फुटली की जिच्या किंवा ज्याच्या हातून फुटली त्याने घरच्यांदेखत हातोडा उचलायचा. पहिला घाव त्यानेच घालायचा. मग अंगावरचा कातडी अ‍ॅप्रन काढून घरातल्या वडीलधाऱ्याच्या हाती द्यायचा आणि घंटा ओतायच्या खड्ड्याभोवती जमिनीत जी लोखंडी पट्टी ठोकली आहे, तिच्या आत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. या जन्मात नाही. हे झाल्याशिवाय फुटकी घंटा भट्टीत जात नसे, आणि ती भट्टीत गेल्याशिवाय नवी होत नसे. घंटेच्या आवाजावर माणसं लग्नाला येतात आणि मातीलाही येतात, तिला बेफिकीर हात पुन्हा लागता कामा नये, असं आजोबांचे आजोबा म्हणत. आजोबाही तसंच म्हणत. फक्त त्यांचा आवाज या वेळी तेवढा लागत नव्हता.

"कथील जास्त पडलं," ते म्हणाले. "धातू ठिसूळ झाला. भट्टी ज्याची, हातोडा त्याचा." आणि त्यांनी हातोडा लाकडी घोडीवर ठेवला.

भट्टीवाला म्हणजे थोरलीचा मुलगा. थोरली विधवा. तिच्या नवऱ्याने, आजोबांच्या पहिल्या लेकाने, असाच हातोडा उचलला होता आणि मग मरेपर्यंत पट्टीबाहेर एका स्टुलावर बसून दुसऱ्यांच्या घंटा ओतताना पाहिल्या होत्या. आता पोराची पाळी. थोरली रडत नव्हती. ज्या बाईने एकदा सगळं भरलेलं असतं ती दुसऱ्यांदा मागायला आलेल्याकडे ज्या नजरेने बघते, त्या नजरेने ती सासऱ्याकडे बघत होती.

"मी कथील चार वेळा तोललं होतं आजोबा," भट्टीवाला म्हणाला. "पण असेल. चुकलं असेल." आणि तो निघाला.

त्याचं ते "असेल" ठिणगीला सोसलं नाही. त्याने आरडाओरडा केला असता तर कदाचित ती गप्प राहिली असती.

"दादा, थांब."

सगळ्यांच्या माना वळल्या.

"कथील नाही चुकलं. मी माती उकरली. घंटा खड्ड्यात असताना. माती अजून हाताला गरम लागत होती. मला माझी वेल बघायची होती. फक्त ओठापाशी थोडं उकरलं, बघितलं आणि परत ठोकून ठेवलं. तिथेच वारा लागला. भेग तिथूनच गेलीय."

माती गार झाल्याशिवाय फावडं लावायचं नाही, हे या घरात पोरं चालायला लागायच्या आधी शिकतात. धाकटा मटकन मातीच्या ढिगावर बसला. साच्याची माती तोच मळायचा, त्यामुळे निदान बसायला जागा ओळखीची होती.

"आणि इतके दिवस?" थोरलीने विचारलं. फार हळू विचारलं. "इतके दिवस हा रात्ररात्र वजनं तपासत बसला होता. मी त्याला ताट वाढत होते आणि तो जेवत नव्हता. तू समोर बसून जेवत होतीस. तेव्हा कुठे होती तुझी वेल?"

घंटा फुटली ती हौसेपायी. पण गप्प राहणं हौसेत बसत नव्हतं, आणि हे ठिणगीला थोरलीच्या आधी कळलं होतं.

आजोबांनी हातोड्यावरचा हात काढला नाही. "जेवून घ्या," ते म्हणाले. "उपाशीपोटी हातोडा उचलायचा नसतो. जेवणानंतर."

या घरात जगबुडी आली असती तरी आजोबांनी तिला जेवणानंतरची वेळ दिली असती.

*

स्वयंपाकघरात थोरली पाव कापत होती आणि सुरी लाकडावर जरा जास्तच जोराने उतरत होती. दारात पाद्रीकाका उभे राहिले. ते आजोबांचे मधले. तरुणपणी भट्टी सोडून चर्चच्या सेवेत गेले, गावोगावच्या वेद्यांपाशी केस पांढरे केले. आता निवृत्त होऊन कायमचे घरी परतले होते. माळ्यावरची खोली त्यांच्यासाठी रंगवून ठेवली होती. त्या खोलीवर थोरलीचा, मुलाच्या लग्नाच्या दृष्टीने, आधीपासून डोळा होता. पण दिराला कुठे ठेवणार म्हणून तिने मन मोठं केलं होतं आणि रंग मात्र स्वस्तातला लावला होता.

"या भाऊजी. माफीचे दोन शब्द घेऊन आला असाल."

"पाव न्यायला आलो होतो, वहिनी."

"आधीच सांगते, तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटणार आणि ती सुटणार, असलं मला चालायचं नाही. तुमच्या चर्चमध्ये चालत असेल."

"तिथेही नाही चालत."

"मग कसं चालतं? इतकी वर्षं बाकावर बसून ऐकतेय, येशूने आपल्या पापांचं प्रायश्चित्त केलं. आमेन म्हणते आणि घरी येते. पण खरं सांगू? मला ते कधी पटलं नाही. केलं एकाने, भरलं दुसऱ्याने, आणि देव खूश? एवढंसं पोर दुसऱ्याच्या वाटचा मार खाऊन आलं तर आपण शाळेत जाऊन भांडू."

पाद्रीकाका हसले. असा थेट सवाल त्यांना गावोगावी कुणी विचारला नव्हता. लोक पाद्रीला बहुधा तब्येत विचारतात.

"मार खाणाऱ्याला ढकलून पुढे केलं असेल तर भांडायलाच हवं," ते म्हणाले. "पण तो आपणहून पुढे आला तर? जुन्या काळचा याजक, म्हणजे देवळातला पुरोहित, लोकांची पापं घेऊन वेदीपाशी जायचा, पण हातात कोकरू असायचं. मरायचं ते कोकरू. याजकाच्या अंगावर फार तर शिंतोडे. येशू गेला तेव्हा त्याच्या हातात काही नव्हतं. कोकरू नाही की बैल नाही. याजकही तोच आणि बळीही तोच. देवाला कुणी खूश करायला गेलं असं नाही ते वहिनी. देवानेच यायचं ठरवलं."

"आणि तुमच्या हातात काय असतं? चहाचा कप."

"तेच डाचतंय मला सकाळपासून."

थोरलीने सुरी खाली ठेवली. तिला बोलायचं होतं ते निराळंच होतं. "यांनी हातोडा उचलला तेव्हा कुणी नव्हतं आलं, भाऊजी. सगळे असेच भिंतीला पाठ लावून उभे होते. मामंजींनी अ‍ॅप्रन घेतला आणि घडी घातली. नीट घडी घातली, कोपऱ्याला कोपरा. ती घडी मला अजून दिसते. माणूस बाहेर बसून संपला. आज तिच्यावर पाळी आली, तर मी का वाईट वाटून घेऊ? तिला हातोडा उचलू दे. माझा मुलगा सुटला, भट्टी त्याची राहिली, मला देवाचे आभार मानू दे."

"माना की. मीही मानतोय."

"नुसतं मानतोय म्हणू नका. तुमचा काहीतरी बेत आहे. लहानपणी साखर चोरायच्या आधी तुम्ही असेच शांत असायचात, असं हे सांगायचे."

"थोरल्यासाठी उभं राहायला मी घरात नव्हतो, वहिनी," पाद्रीकाका म्हणाले. "ते आता भरून येत नाही. पण आज घरात आहे."

त्यांनी पावाची टोपली उचलली आणि गेले. थोरली फळीवरचा पावाचा चुरा गोळा करायला लागली. मग तिला काय सांगितलं गेलं ते हळूहळू कळलं, आणि ती खुर्चीत बसली.

*

जेवणं कशीतरी आटोपली. ठिणगी भट्टीपाशी गेली. दादा राख ओढत होता.

"दादा, मी..."

"त्या बाजूचं खोरं दे."

तिने दिलं.

"मी कथील तोलून तोलून वेडा झालो," तो राख ओढत म्हणाला. "शेवटी मला वाटलं, वजनंच खोटी आहेत. काल मी स्वयंपाकघरातल्या तराजूवर वजनं तपासली. आईने विचारलं, केक करतोयस का?"

तिला हसू आलं आणि त्याच दमात रडू. "माझ्यावर ओरड ना."

"ओरडणार आहे. सावकाश. पुष्कळ दिवस पुरेल असं ओरडणार आहे." मग त्याने खोरं टेकवलं. "पण बोललीस. मी हातोड्यापर्यंत पोचलो होतो, गप्प राहिली असतीस तर कुणाला कळलं नसतं. बोलल्याबद्दल उपकार."

"उपकार कसले, तू वेडा आहेस का?"

"वजनं तपासून झालो."

ती तिथून पाद्रीकाकांकडे गेली. ते ओतशाळेच्या मागच्या भिंतीपाशी होते. तिथे खिळ्यांना सगळ्यांचे अ‍ॅप्रन टांगलेले असत. शेवटच्या खिळ्याला त्यांचा तरुणपणचा होता. इतकी वर्षं कुणी वापरला नाही, तरी कातडं मऊ होतं. कुणीतरी नियमाने तेल लावत होतं. कोण ते त्यांनी वासावरून ओळखलं. आजोबा सांध्यांनाही तेच तेल लावत.

त्यांनी कातड्यावरून हात फिरवला. पुष्कळ वर्षं त्या हातांनी फक्त वेदीवरचं पुस्तक आणि पेला धरला होता, आणि रात्री निजताना बोटांना माती आठवायची. भिजवलेली, चाळलेली, जनावराचे केस मिसळलेली साच्याची माती. निवृत्त झाल्यावर धाकट्याशेजारी बसून ती मळायची, एवढं एकच त्यांनी स्वतःसाठी देवाकडे मागितलं होतं. मागताना लाज वाटली होती, इतकं ते हवंहवंसं होतं.

"काका, मला प्रायश्चित्त सांगा," ठिणगी म्हणाली. "काय वाटेल ते सांगा. करते."

"दादाकडे जाऊन आलीस?"

"आले."

"थोरलीच्या पाया पडलीस?"

"त्या पडू देणार नाहीत."

"तरी जा. नाही म्हणाली तरी जा. तुझ्या वाट्याचं तेवढंच आहे."

"आणि हातोडा?"

त्यांनी अ‍ॅप्रन खिळ्यावरून काढला आणि गळ्यात अडकवला. पाठीमागची गाठ बांधताना हात पुरेनात, तेव्हा तिनेच ती बांधली. आपण काय बांधतोय ते तिला कळलं नाही. काका घरी आले, कामाला लागणार, एवढंच तिला वाटलं आणि अशा दिवशीही थोडं बरं वाटलं.

*

आजोबा घोडीशेजारी उभे होते. ठिणगी पुढे झाली, पण तिच्या आधी पाद्रीकाकांनी पट्टी ओलांडली होती आणि हातोड्यावर हात ठेवला होता.

"हे काय?" आजोबा म्हणाले.

"मी उचलतो, बाबा."

"तुझा काय संबंध? तू इथे नव्हतास."

"रीत काय सांगते? घंटा फुटली की भट्टीने एक हात गमवावा. ज्याचा इथे हक्क आहे असा हात. माझा अ‍ॅप्रन खिळ्याला आहे, म्हणजे हक्क आहे. नसता तर तुम्ही त्याला तेल लावलं नसतं."

आजोबांनी कानामागे खाजवलं. चोरी पकडली गेल्यावर ते नेहमी तिथेच खाजवत.

"दोषी हात," ते म्हणाले. "निर्दोष हात घेऊन भट्टी काय करील? हा न्याय नाही."

"न्याय सोडा असं मी म्हणत नाही. हात द्यायचाच आहे. माझा घ्या."

"काका, नाही!" ठिणगीला आता गाठीचा अर्थ कळला. तिने मागून ती सोडवायला हात घातला. "मी केलं आहे. माझं आहे. तुम्ही येशू आहात का?"

"नाही गं बाई," पाद्रीकाका म्हणाले. "त्याने जे केलं ते एकदाच झालं, पुन्हा करायला लागत नाही. तुझं पाप मी पुसत नाहीये. ते पुसणारा पुसून गेला. पण आयुष्यभर मी वेदीपाशी उभं राहून सांगितलं की आमचा याजक असा आहे. घरच्यांना एकदा तरी दाखवायला नको, असा म्हणजे कसा?"

"भाऊ, माती..." धाकटा ढिगावरूनच म्हणाला. शेजारी त्याने पाद्रीकाकांसाठी एक पाट मांडून ठेवला होता, कालच.

"ती तू मळ," पाद्रीकाका म्हणाले. "माझ्या वाटची थोडी जास्त मळ."

आजोबा थोरलीकडे वळले. "थोरले, तुझा नवरा यात गेला. तू बोल. तू नाही म्हणालीस तर नाही."

आता थोरलीचं गणित बघा. नाही म्हटलं की पोरगी बाहेर. भट्टीवर तिच्या मुलाला पुढे वाटेकरी नाही, आणि नवऱ्याचा जुना सल थोडा निवतो. हो म्हटलं तर पोरगी राहणार, पुढेमागे तिच्या मुलाच्या बरोबरीला येणार. मिळकत सगळी एका बाजूला होती, आणि थोरली अशा बाबतीत चुकणारी बाई नव्हे.

ती पुढे आली. दिराच्या हाताकडे बघून म्हणाली, "असं नाही धरायचं. जड आहे तो. दोन्ही हातांनी धरा भाऊजी, नाहीतर खांदा उतरेल."

आजोबांनी मान खाली घातली. ती त्यांची संमती.

पाद्रीकाकांनी दोन्ही हातांनी हातोडा धरला आणि घाव घातला. घंटा एकदाच ओरडली, भेग फाकली आणि वेलीसकट ओठाचा मोठा तुकडा जमिनीवर पडला. मग त्यांनी अ‍ॅप्रन काढला. गाठ ठिणगीलाच सोडवायला लागली. ती घट्ट बसली होती, तेव्हा दादाने येऊन मदत केली. आजोबांनी अ‍ॅप्रन घेतला. या वेळी घडी कोपऱ्याला कोपरा लागली नाही. त्यांनी तो छातीशी धरला, जसा दिला तसा, चुरगळलेला.

पाद्रीकाका पट्टीबाहेर आले आणि उभे राहिले. कुठे उभं राहायचं ते त्यांना कळत नव्हतं. आयुष्यभर ज्याला जागा ठरलेली असते त्याचं असं होतं.

थोरली आत गेली होती. ती आली तेव्हा तिच्या हातात ते स्टूल होतं, नवऱ्याचं. तो गेल्यापासून घरात कुणाला त्यावर बसायची परवानगी नव्हती. एकदा एका पाहुण्याला तिने त्यावरून चक्क उठवलं होतं. तिने ते पट्टीबाहेर, भट्टी नीट दिसेल अशा जागी ठेवलं, पदराने पुसलं.

"बसा," ती म्हणाली. "इथून दिसतं. हे म्हणायचे, इथून सगळ्यांत छान दिसतं. मला वाटायचं माझी समजूत काढतात."

ठिणगी तिच्या पाया पडायला वाकली. थोरलीने पडू दिलं नाही. दंडाला धरून वर ओढलं, फार हळुवारपणे नाही, आणि सोडलंही नाही.

"मी हे कसं फेडू, काका?" पोरगी म्हणाली.

"फेडू नकोस. फेडायला लागलीस की मी सावकार होईन, आणि तो धंदा मला जमायचा नाही. साचा कर. माती गार होईपर्यंत थांब."

*

नवी घंटा त्याच धातूची झाली. दादाने कथील तोललं, धाकट्याने माती मळली, ठिणगीने वेल पुन्हा कोरली आणि या वेळी माती गार झाल्यावरही आणखी थोडी थांबली. घंटा वर आली, टोला पडला, आणि आजोबांनी नातीला चारचौघांत "माझी नात" म्हटलं. चष्मा नाकावर होता. त्या रविवारी थोरली बाकावर बसून नेहमीसारखी आमेन म्हणाली. फक्त जरा उशिरा म्हणाली, सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, एकटी.

तेव्हा जमाखर्च असा लागतो. ठिणगीला तिची जागा मिळाली, जी तिने गमावली होती. भट्टीवाल्याला त्याचं नाव परत मिळालं. आजोबांची रीत राहिली. थोरलीला, तिच्या हिशेबाने, नुकसानच झालं, पण माळ्यावरच्या खोलीला तिने दुसऱ्यांदा रंग लावला तो चांगल्यातला. धातू गमवावा लागला नाही, गुंजभरही नाही.

भरलं एकट्याने, ज्याच्या नावावर काहीच नव्हतं. तो स्टुलावर बसतो. धाकटा माती मळायला लागला की त्याची बोटं गुडघ्यांवर नकळत हलतात. कुणी त्याला म्हटलं की सगळं तुम्ही भरलंत, तर तो म्हणतो, छे, भरणारा आधीच भरून गेला, मी नुसती पोच दिली.